पेरभर मलम

८ जानेवारी

आमच्या शहाण्या भाचीस,

मावशीचे आशीर्वाद. लागत असतील तर घे, नाहीतर पाकिटात घालून परत पाठव.

तुझं पार्सल पोचलं. मला वाटलं, भाची मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे, स्किन डिपार्टमेंटमध्ये पेशंट लोकांचा वर्ग घेते, मावशीच्या वाढदिवसाला काहीतरी बरं पाठवेल. पाठवलंस काय, तर मलमाची एक ट्यूब आणि एक पुस्तिका. नाव काय पुस्तिकेचं? 'इसबाशी मैत्री'! अगं, पार्लर काढल्यापासून हा इसब माझ्या हातांवर फुकट राहतोय. भाडं देत नाही, जागा सोडत नाही, वर भिंतींना भेगा पाडतो. असल्या भाडेकरूशी मैत्री करायची? तू कर.

आणि कव्हरवरची ती बाई बघितलीस का तू? दात काढून हसतेय, हात असे पुढे धरलेत जसं काही नेलपॉलिश वाळवतेय. त्या हातांनी आयुष्यात एक चमचा तरी विसळला असेल का गं? आत लिहिलंय, 'ओलं काम टाळा.' मी सकाळपासून दुसऱ्यांची डोकी धुते. ओलं काम टाळू म्हणजे काय करू, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर फुंकर मारू? पुढे लिहिलंय, 'ताण घेऊ नका.' घेतं कोण? दारात आणून टाकतात लोक. आणि सगळ्यावर कळस म्हणजे, 'त्वचा बरी दिसत असतानाही मलम चालू ठेवा.' म्हणजे आग विझली तरी बंब दारात उभा ठेवायचा! हे लिहिणाऱ्याला पगार मिळतो का?

आज बँकवाली आली होती. तीच, जिचे केस मी काळे ठेवते म्हणून बँकेत तिला अजून मुलगी समजतात. तिला हजारदा सांगितलंय, मुळं पांढरी दिसायला लागली की ये, वाट बघत बसू नकोस. पण नाही. आधी भांग बदलेल, मग डोक्याला रुमाल बांधेल, आणि पार चार बोटं पांढरं झालं की धावत येईल, 'आता काहीतरी करा हो!' एकदा काळे केले की जन्माचे झाले असं वाटतं लोकांना. अक्कल वाटत होते तेव्हा ही माणसं कुठे होती कोण जाणे.

माझे हात ठणठणीत आहेत. तुझ्या आईच्या कानात काही भरवू नकोस. आणि फोन करू नकोस. फोनवर तुझ्या मागे कोणीतरी सारखं नंबर पुकारत असतं आणि तू नुसती 'हं, हं' करतेस. लिहून कळव.

तुझी मावशी


१७ जानेवारी

मावशी,

आशीर्वाद ठेवून घेतले. पाकीट महाग आहे.

पुस्तिका मी लिहिलेली नाही. वरून आली, गठ्ठ्याने. ती हसणारी बाई मलाही डोळ्यांसमोर नको असते, पण दर बुधवारी मी तीच वाटते. माझा वर्ग म्हणजे काय ते ऐक. जुनी कागदपत्रं टाकायची खोली, एक पंखा, तोही मान हलवून 'नाही नाही' म्हणणारा. समोर एक प्लास्टिकची बाहुली, तिला मलम कसं लावायचं हे मी दाखवते. बाहुलीला कधीच खाज येत नाही, त्यामुळे ती माझी सगळ्यात गुणी पेशंट.

बाकीच्यांचं काय सांगू? पहिल्या रांगेत एक रिटायर्ड मास्तर बसतात. प्रत्येक वाक्य टिपून घेतात, आणि घरी जाऊन शेजाऱ्याने दिलेला पाला चोळतात. एक बाई मलम लावतच नाही, कारण तिच्या जावेने 'नको' म्हटलं. जाऊ कोण, तर कापडाच्या दुकानात हिशोब बघते. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, 'सिस्टर, कायमचं जाईल ना?' मी सांगते, कायमचं जाणार नाही, पण कायमचं ताब्यात ठेवता येईल. त्यावर असे चेहरे पाडतात, जसा काही मीच त्यांना रोग दिला. पुढच्या बुधवारी निम्मे गायब. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचा पगार घेते मी. आमचे मोठे डॉक्टर म्हणतात, पेशंट अडाणी आहेत. पेशंट म्हणतात, डॉक्टर मान वर करून बघत नाहीत. मला विचारशील तर दोघांचंही बरोबर आहे.

आता तुझं. मी वर्गात सगळ्यांना घरची ट्यूब घेऊन यायला सांगते. माणूस खोटं बोलतो, ट्यूब बोलत नाही. तू ते मलम रोज रात्री दोन्ही हातांना लाव आणि महिन्याभराने ट्यूब मला पाठव.

आणि हो, तुझं अक्षर एवढं मोठं कधीपासून झालं?

तुझी भाची


२० फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना,

घ्या तुमची ट्यूब. सोबत पाठवली आहे. रोज लावलं, न चुकता, तू म्हणालीस तसं. तुझे काका साक्षीला आहेत. उपयोग शून्य. असली औषधं मी पुष्कळ पाहिली. पहिला डॉक्टर म्हणाला साबण बदला, दुसरा म्हणाला आहार बदला, तिसरा म्हणाला धंदा बदला. चौथ्याकडे गेले नाही, तो नवरा बदला म्हणाला असता.

अक्षर मोठं झालं कारण चष्म्याचा नंबर वाढलाय. पोलिसात का नाही गेलीस?

इकडे गिऱ्हाईक जरा कमी आहे. समोर एकाने काचेचं मोठं पार्लर काढलंय. सगळी भिंत काचेची, आतली माणसं दुकानातल्या बाहुल्यांसारखी दिसतात. मी त्याला काचवाला म्हणते. कानामागून आली आणि तिखट झाली, तशी गत. त्याच्या पोरी काळे ग्लोव्हज घालून डोकं धुतात, म्हणून आता आमच्याकडेही बायका विचारतात, 'तुम्ही ग्लोव्हज नाही घालत?' घालते की! सकाळी चढवते ते रात्री शटर ओढल्यावर काढते. आत हात उकडून निघतात, खाजवता येत नाही, बोलता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पण गिऱ्हाइकाला बरं वाटतं. तेवढं पुरे.

बँकवाली मात्र अजून माझ्याकडेच येते. ती नाही जायची कुठे.

तुझी मावशी


२८ फेब्रुवारी

मावशी,

ट्यूब हातात घेतली आणि आधी मला हसू आलं, मग असा राग आला की ती भिंतीवर फेकून मारावीशी वाटली.

मागची घडी कंपनीने घातली तशीच आहे. पोट टम्म फुगलेलं. फक्त मानेपाशी एक खळगा, तोही बोटाचा नाही, नखाचा. याला तू रोज लावलं म्हणतेस? रोज दोन्ही हातांना नीट लावलं असतंस तर महिन्यात ही ट्यूब पापडासारखी चपटी झाली असती. तू काय केलंस ते सांगू का? मोहरीएवढं घेतलंस, दोन्ही हातांना पुरवलंस, आणि मग म्हणालीस उपयोग शून्य. वापर शून्य, मग उपयोग कुठून येणार? बादलीभर धुण्याला साबणाचा वास दाखवायचा आणि वर कपड्यांना नावं ठेवायची.

नीट वाच. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत, म्हणजे पेरभर, मलमाची रेघ काढायची. तेवढं एका हाताला, पुढून मागून मिळून. दुसऱ्या हाताला तेवढंच वेगळं.

आणि शिव्या फक्त तुलाच देत नाही. तुझी ट्यूब टेबलावर ठेवून मी ती पुस्तिका पुन्हा उघडली. आत लिहिलंय, 'पातळ थर द्यावा.' पातळ म्हणजे किती, हे लिहिताना कोणाच्या हाताला लकवा झाला होता? इतके महिने मी तेच पान वाचून दाखवतेय. मास्तरांनी तर ते दोनदा लिहून घेतलंय.

दिवसभर रबरी ग्लोव्हज घालून बसणं म्हणजे इसबाला गरम पाण्याचा शेक देणं. आत सुती ग्लोव्हज घाल, घामेजले की बदल, डोकं धुऊन झालं की काढ. तिकडच्या स्किनच्या डॉक्टर बाईंना दाखव. नाव मागे लिहिलंय, आधी इथे माझ्याबरोबर कामाला होत्या, मी त्यांच्याशी बोलले आहे. दुसरं म्हणजे, खरं सांग, हात कसे आहेत?

भाची


१५ मार्च

शहाण्या भाचीस,

हे पत्र तुझे काका लिहीत आहेत, मी सांगते आहे. माझं मनगट लचकलंय. त्यांचं अक्षर कोंबडीच्या पायाचं, ते चालवून घे.

(मनगटाला काही झालेलं नाही. बोटांच्या सांध्यांना भेगा पडल्या आहेत, पेन धरवत नाही. ती गॅस बंद करायला गेली म्हणून लिहितोय. बोटंही आता मालकिणीसारखीच झालीत, मोडतील पण वाकणार नाहीत. काका.)

तुझी ती पेरभर रेघ तुझ्याजवळच ठेव. मला शिकवू नकोस. मी ज्या बाईंकडे काम शिकले, त्यांनी असलंच एक मलम गोरं व्हायला तोंडाला चोळलं होतं, वर्षानुवर्षं. शेवटी गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, उन्हात उभं राहवत नव्हतं. मी बघितलंय डोळ्यांनी. तुझ्या पुस्तिकेत ते चित्र नाही छापलेलं. म्हणून मी मोहरीएवढंच लावलं, आणि पुन्हा लावलं तर तेवढंच लावणार.

आता गंमत ऐक. सोमवारी बँकवाली आली. निम्म्या डोक्याला डाय लावून झाला होता. ग्लोव्हजमध्ये हात असे पेटले होते की म्हटलं, भांग पाडेपर्यंत जरा काढावेत. तर बाईसाहेबांनी आरशात माझे हात बघितले. आणि म्हणते काय, 'लागट तर नाही ना हो?' मी म्हटलं, 'इतकी वर्षं तुझं डोकं धुतेय, लागट असतं तर तुझ्या टाळूवर माझ्या अंगठ्यांचे ठसे उमटले असते.' तर ती उठली! अर्धं डोकं काळं चिकट, अर्धं पांढरं, गळ्यात माझा टॉवेल, आणि तशीच रस्ता ओलांडून सरळ काचवाल्याकडे! रस्त्यावरचा फळवाला तागडी धरून बघतच राहिला. काय दिसत होती म्हणून सांगू! आणि माझा टॉवेल घेऊन गेली. निळा होता, चांगला. टॉवेल परत करायची सुद्धा अक्कल नाही मेलीला.

(टॉवेलचं ती रोज बोलते. बाकीचं बोलत नाही. त्या दिवसापासून शटर उघडलेलं नाही. काल मी चावी आणायला मागच्या दाराने गेलो, तर ही गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली होती, आरशाकडे पाठ करून. मला बघून म्हणाली, खुर्चीची स्प्रिंग तपासतेय.)

दुकान सध्या रंगकामासाठी बंद आहे. आणि रंगवून तरी काय करायचंय? काचवाल्याला सामान ठेवायला जागा हवी आहे, तो दुकान घ्यायला तयार आहे. महिनाअखेरीला त्याला हो म्हणून टाकते. पुरे झालं. बायकांच्या डोक्यात हात घालून कोणाचं भलं झालंय?

तुझी मावशी

(रंगकाम वगैरे काही नाही. तू काहीतरी लिही. माझं ऐकत नाही, तुझ्यावर निदान चिडते तरी.)


१९ मार्च

मावशी,

मनगटाची काळजी घे. असं मनगट मी वर्गात दर बुधवारी बघते.

तुला सांत्वन हवं असेल तर दुसऱ्या भाचीला लिही. मला फक्त एक विचारायचंय. बँकवालीचे पांढरे केस तू इतक्या वर्षांत बरे केलेस का?

नाही ना? ते आतून पांढरेच उगवतात. तू डाय लावतेस, पुन्हा मुळं येतात, पुन्हा लावतेस. तरी ती कधी म्हणाली का, 'मावशी, तुमच्या डायचा उपयोग शून्य'? आणि तू तिला काय सांगतेस? मुळं दिसायला लागली की ये, चार बोटं पांढरं होईपर्यंत थांबू नकोस. तुझंच वाक्य, तुझ्याच पत्रातलं, माझ्यासमोर आहे. जन्मभर लोकांना हेच शिकवलंस आणि स्वतःच्या हातांना मात्र 'एकदाच काय ते जा बाबा' म्हणतेस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तू तर भेगा पडण्याइतकी कोरडी.

तुझ्या बाईंचं म्हणशील तर त्यांनी ते मलम तोंडाला लावलं, गोरं व्हायला, वर्षानुवर्षं, कोणाला न विचारता. त्या बाईंचं वाईट झालं आणि तू घाबरलीस, हे मला कळतं. मला वर्गात अशी भीती दिसते आणि पुस्तिकेत तिच्यासाठी अर्धी ओळ सुद्धा नाही, हेही कळतं. पण सुरीने बोट कापतं म्हणून कोणी दाताने भाजी चिरत नाही. तू ते हातांना लावायचंस, सांगितलंय तेवढं, सांगितलंय तितके दिवस, आणि मध्ये मध्ये स्किनच्या बाईंना हात दाखवून. बस.

तुझ्या भाषेत सांगते. आत्ता चार बोटं पांढरं झालंय, तेव्हा पूर्ण डोकं रंगवायचं, म्हणजे भेगा भरेपर्यंत आणि खाज थांबेपर्यंत रोज पेरभर. हात मऊ झाले की रोजचं बंद, पण आठवड्यातून दोन रात्री त्याच जागांवर लावायचं, तिथे काही दिसत नसलं तरी. ती तुझी मुळं. आणि हात ओले झाले की दरवेळी साधं स्निग्ध क्रीम, त्याला मोजमाप नाही, लोणी फासल्यासारखं फास.

काचवाल्याला सांग, रंगकाम चालू आहे, दुकान द्यायचं नाही. ही नवी ट्यूब. रिकामी करून मला पाठव. फुगलेली आली तर त्याच पोस्टाने परत करीन.

तुझे हात सोलून निघाले हे मला काकांच्या कंसातून कळावं, याची मला लाज वाटते. तुलाही वाटू दे थोडी.

भाची


१२ मे

आगाऊ भाचीस,

अक्षर बघ. माझंच आहे, आणि लहान आहे. चष्मा तोच.

काकांचे कंस मला त्यांच्याकडून वदवून घ्यावे लागले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. घरात इतकी शांतता पसरली की त्यांना आवडायला लागली, म्हणून पुन्हा बोलायला लागले.

ट्यूब सोबत आहे. पापड झालाय की नाही? शेवटी तर मी ती कात्रीने उभी कापली आणि आतलं खरवडून घेतलं. आता बोल काय बोलायचंय ते. तुझ्या त्या स्किनच्या बाईंकडेही गेले. त्यांनी माझ्या पाठीवर पट्ट्या चिकटवून मला पार्सल केलं. म्हणे, डायची ॲलर्जी आहे का बघू. नाही निघाली. निघालं काय, तर पाणी, शाम्पू आणि ग्लोव्हजचा घाम. हे मी त्यांना पट्ट्यांशिवाय सांगितलं असतं, पण विचारतं कोण? बाई मात्र बऱ्या आहेत. हात हातात घेऊन बघतात.

पहिला आठवडा पेरभर लावलं. कातडी जाईल, जाईल, म्हणून रोज सकाळी दिव्याखाली बोटं धरून बघायची. गेली नाही. भेगा मिटल्या. मूठ मिटायला लागली. त्या दिवशी काकांना मूठ दाखवली तर ते मागे सरकले, त्यांना वाटलं मारतेय.

तर थोडक्यात काय, बरी झाले! कायमची! तुझं ते 'कायमचं जाणार नाही' तुझ्या बुधवारच्या गरिबांना ऐकव. आमचा भाडेकरू गेला. बाईंनी दुसरी ट्यूब लिहून दिली होती, आणून ठेवलीय, पण आता कशाला? मागच्या खोलीत डायच्या डब्यांमागे टाकलीय, असू दे अडीअडचणीला. दुकान उघडलंय. काचवाल्याला सांगितलं, तुझं सामान तुझ्या काचेत ठेव. गिऱ्हाईक हळूहळू येतंय. बँकवाली नाही आली. न येऊ दे. टॉवेल तेवढा पाठवून दिला असता तर बरं झालं असतं.

जिंकलेली मावशी


१८ मे

मुळं?


९ जून

मेले,

एका शब्दाचं पत्र लिहायला लाज नाही वाटली? पोस्टमनसमोर पाकीट फोडलं, म्हटलं भाचीने अभिनंदन केलं असेल, तर एवढा मोठा कागद आणि मधोमध ते एक ढेकूळ. पोस्टमन विचारतो, 'काय लिहिलंय?' काय सांगू त्याला?

कागदाचा बोळा करून टोपलीत टाकला. मग शाम्पूची बाटली उचलली, आणि बाटली धरल्या धरल्या उजव्या हाताचं मधलं बोट चुळबुळायला लागलं. तसं ते त्याआधीच लागलं होतं, पण मी त्याच्याकडे बघत नव्हते. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथे न लावणाऱ्याला खवखवत होतं. बोटाच्या बाजूला बारीक बारीक पुरळ, आपलं नेहमीचं, जुन्या जागेवर. आणि खरं सांगते, मला रडू आलं. एवढा पेरभर पेरभर खटाटोप केला आणि हा मेला परत दारात. वाटलं, आता पुन्हा सगळं, पुन्हा भेगा, पुन्हा ती खुर्ची. तुझ्या वर्गातले ते निम्मे लोक का गायब होतात ते मला त्या दिवशी कळलं. त्यांना शिव्या घालू नकोस. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मग चिडले. आधी तुझ्यावर, मग त्या हसऱ्या बाईवर, मग काचवाल्यावर, आणि मग सरतेशेवटी डायचे डबे खाली काढले आणि ट्यूब शोधली. लावलं. रोज लावलं, पुरळ गेली, आणि आता बुधवार-रविवार लावते, काही दिसो न दिसो. यावेळी भेगेपर्यंत गोष्ट गेलीच नाही. एवढुसं आलं, एवढ्यातच गेलं. चार बोटं पांढरं व्हायची वाट बघितली नाही म्हणून. हे तू आधीच लिहिलं होतंस असं म्हणायची गरज नाही. माझ्याजवळ आहेत तुझी पत्रं.

आता मुख्य ते. शनिवारी दुपारी दुकानात कोणी नव्हतं. दारात बँकवाली. डोक्याला रुमाल. मी खुर्ची पुसत होते, पुसत राहिले. ती म्हणाली, 'येऊ का?' मी म्हटलं, 'दार उघडंच आहे.' तिने रुमाल सोडला. काय सांगू तुला! काचवाल्याने त्या दिवशी उरलेलं डोकं कुठल्यातरी लालसर रंगात उरकलेलं, आणि त्यानंतर ती कुठेच गेलेली नाही. मध्ये भांगाला रुंद पांढरा पट्टा. मला हसायचं होतं. किती महिने ठरवून ठेवलं होतं काय काय बोलायचं ते. सगळं गिळलं आणि फडकं खुंटीला अडकवलं.

तिने पिशवीतून टॉवेल काढला. माझा निळा टॉवेल. धुतलेला, इस्त्री केलेला, घडी घातलेला. टॉवेलला कोण इस्त्री करतं? म्हणाली, 'डाग गेले नाहीत हो. पुष्कळ घासलं.' मी म्हटलं, 'डायचे डाग जात नसतात. मला विचारलं असतंस तर घासले नसतेस.'

मग मी तिच्यासमोर दोन्ही हात धरले, उलटे, सुलटे. म्हटलं, 'नीट बघून घे. इसब आहे. लागट नाही. आत्ता दिसत नाही, पण गेलेला नाही, जायचाही नाही. तुझ्या पांढऱ्या केसांसारखा. मी त्याची मुळं सांभाळते, तुझी तू सांभाळत नाहीस, एवढाच फरक.' तिने माझ्या हातांकडे बघितलं, मग आरशात स्वतःच्या डोक्याकडे बघितलं, आणि खुर्चीत बसली.

टॉवेल तिच्या गळ्यात घातला. ग्लोव्हज चढवायच्या आधी विचारलं, 'हात लावू?' आयुष्यात मी गिऱ्हाइकाला असं कधी विचारलं नव्हतं. तिने डोळे मिटून डोकं मागे टेकवलं, सरळ माझ्या उघड्या हातांत. तिचं डोकं एवढं जड आहे हे माझ्या आधी कधी लक्षात आलं नव्हतं. मी ते तसंच धरून उभी राहिले, पाणी गार व्हायला लागलं तरी.

जाताना तिला सांगितलं, महिन्याने ये. ती म्हणाली, येते. येईल की नाही देव जाणे. लोकांना अक्कल कमीच असते.

तुझ्या त्या बुधवारच्या खोलीत मला बोलवायचं तू काकांना विचारलंस असं कळलं. मी येणार नाही. आले तर आधी ती बाहुली बाहेर काढ, आणि त्या जावेच्या ऐकण्यातल्या बाईला पुढच्या रांगेत बसव, मला तिच्याशी बोलायचंय. पुस्तिका तर नकोच. त्या 'पातळ थर'वाल्याचा पत्ता असला तर कळव.

आणि मला लांबलचक पत्रं लिहू नकोस, वेळ नाही. दर महिन्याला एक कार्ड टाक. एकच शब्द, तोच. मी शिव्या देईन, पण टाक.

तुझी मावशी

ता. क. काका विचारतात, त्यांना कंसात काही लिहू देते का. नाही देत.